आलेखातली खळी

जनार्दन, गेल्या आठवड्यात गुरुवारी कॉलेजात तुझी शोकसभा झाली. मी गेले, दुसऱ्या रांगेत बसले, आणि पहिल्याच भाषणापासून मला किळस यायला लागली. फोटो कुठला लावला होता म्हणशील, तर गॅदरिंगचा, फेटा बांधलेला. त्या फेट्यात तू वरातीतला क्लॅरोनेटवाला दिसतोस असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास. झेंडूचे हार, उदबत्त्या, आणि त्या सगळ्याला पुरून उरणारा, शेजारच्या लॅबमधून येणारा तुझ्या अमाइनचा वास. कुजक्या सुकटीचा. लोक नाकाला रुमाल लावून बसले होते आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की सगळे किती हळहळताहेत.

मग आपले विभागप्रमुख उभे राहिले. सरांना तू चांगला ओळखतोस, वेगळं काय सांगू. शुद्ध मनाचा माणूस, शुद्ध विचारांचा माणूस, शुद्ध आचरणाचा माणूस असं त्यांचं सुरू झालं. शुद्ध या शब्दाची मला शिसारी आहे, आणि त्याची दोन्ही कारणं तुला माहीत आहेत. एक म्हणजे आपल्या धंद्यात तो शब्द पुराव्याशिवाय वापरत नाहीत. दुसरं, टेमघरच्या आमच्या बौद्ध वस्तीत तो शब्द कुणी हौसेने तोंडात घेत नाही, आमच्या आज्या-पणज्यांनी तो दुसऱ्यांच्या तोंडून भरपूर ऐकून ठेवलाय. सर मात्र पेढे वाटावेत तसा तो वाटत होते. ज्या माणसाने आपली डिस्टिलेशनची भट्टी दुरुस्त करायला कधी होकार दिला नाही, तो तुझ्या फोटोसमोर डोळे पुसत होता.

शेवटच्या रांगेत तुझा दादा बसला होता. गुरुवार असून पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आलेला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

सभा संपली. सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. त्यांच्या हातात समोसा होता आणि बोटांना हिरवी चटणी. म्हणाले, ते तुमचं जोड-सरफॅक्टंटचं, त्या जोडसाबणाचं, काम आता अडवून ठेवू नका. आलेखात जी जरा गडबड दिसते ना, तिथून हात हलका फिरवा, रेघ सरळ काढा, श्रद्धांजली म्हणून पाठवून देऊ. आणि माझं नाव पहिलं टाका, वजन पडतं. हे सगळं त्यांनी मुलीच्या लग्नाची पंगत ठरवावी इतक्या सहज सांगितलं. त्या बोटांचीच मला किळस आली, जनार्दन. मी संडासात जाऊन तोंड धुतलं आणि तशीच घरी गेले.

ज्या गडबडीवर हात फिरवायचा होता, तिच्यात तुझी माझी इतकी वर्षं गेली.

तू भिवंडीजवळच्या अंजूरचा, खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांच्या घरातला, मी टेमघरची. बी.एस्सी.ला आपण एकाच टेबलावर, एकाच बर्नरवर, आणि माझी टेस्टट्यूब फुटली की तुझी माझी व्हायची. नंतर दोघंही शिकलो त्याच कॉलेजात शिकवायला लागलो आणि मागची पडीक खोली मागून घेतली. एक बाई आणि एक बाप्या त्या बंद खोलीत तासन्‌तास काय करतात, यावर स्टाफरूममध्ये काय काय बोललं गेलं ते आपल्या कानांवर यायचंच. तू म्हणायचास, त्यांना एकदा आत आणून बसव, त्या वासात काय करणं शक्य आहे ते त्यांचं त्यांना कळेल. मी हसायचे. पण खरं सांगते, त्या लोकांचीही मला किळस यायची. तुला यायची नाही. तुला माणसांची किळस येतच नसे, हा तुझा मोठा दोष होता.

सुरुवात वर्गातूनच झाली. साबण मळ कसा काढतो ते तू पोरांना शिकवत होतास. साबणाच्या रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं, आणि एक शेपूट असते, तिला पाण्याचा तिटकारा. म्हणून तो पाण्याच्या पृष्ठभागावर डोकं आत आणि शेपूट वर करून उभा राहतो आणि पाण्याचा ताण सैल करतो. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, दोन रेणूंना डोक्याशी एकत्र बांधलं तर काय होईल. सगळे हसले, पण तू हसला नाहीस. त्या दिवशी चहा पिताना तू बशीत बोट बुडवून टेबलावर दोन शेपट्या काढल्यास, मध्ये एक छोटा दुवा काढलास आणि म्हणालास, विशाखा, जावळी करूया.

जावळी म्हणजे तुमच्या गावाकडची जुळी पोरं. मी म्हटलं, जुळी म्हण, नाहीतर प्रबंधात लिहिताना पंचाईत होईल. तू म्हणालास, जुळी सारखी असतात, माझी सारखी नसणार. एकाची शेपूट लांब, एकाची आखूड. आमच्या आळीत अशी जावळी आहेत, एक ताडमाड आणि दुसरा त्याच्या खांद्यालाही न लागणारा, आणि दोघं मिळून जी कामं करतात ती दोन ताडमाड भावांना जमत नाहीत. यावर आपण पुष्कळ भांडलो. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला परदेशातल्या कुणीतरी याच जातीच्या रेणूंना मिथुन राशीचं, इंग्रजीतल्या जेमिनीचं, म्हणजे जुळ्या भावांचं नाव दिल्याचं तुझ्या वाचनात आलं. त्या दिवशी तू चालत्या लेक्चरला माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, त्यांनीपण जावळीच म्हटलंय. माझ्या पोरींना काही कळलं नाही. तुला मात्र कुणीतरी आपल्या घरचं नाव घेतल्यासारखं झालं होतं.

करायला मात्र ती महाघाण होती. दोन टोकांना ब्रोमीन असलेली छोटी साखळी घ्यायची आणि तिच्या एका टोकाला आखूड शेपटीचं अमाइन चिकटवायचं. एकाच टोकाला, म्हणून साखळी जास्तीची घ्यायची आणि अमाइन थेंबाथेंबाने सोडायचं. मग ते अर्धवट झालेलं वेगळं काढायचं आणि दुसऱ्या टोकाला लांब शेपटीचं अमाइन लावायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन्हीकडे आखूड, दोन्हीकडे लांब, अशी नको ती भावंडंही मध्येच जन्माला यायची आणि त्यांना हाकलता हाकलता आपल्या नाकीनऊ यायचे. पावसाळ्यात स्फटिक हवेतलं पाणी पिऊन पेजेसारखे व्हायचे. आणि वास. माझ्या केसांना, साड्यांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा. आई मला न्हाणीघरात कपडे बदलल्याशिवाय घरात घेत नसे. एकदा म्हणाली, शिकून प्राध्यापक झालीस आणि वास कोळणीचा आणलास. तुला सांगितलं तर तू खूश झालास.

एकदा तू हौसेने त्याचं पाणी एका बाटलीत भरून कापडाच्या प्रोसेसवाल्या शेठकडे घेऊन गेलास. मीही होते. शेठने बाटली उचलली, बूच दाबून गदगदा हलवली, उजेडाकडे धरली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "झाग किधर है, प्रोफेसर साब? झाग नहीं तो माल नहीं." तू त्याला समजावत होतास की फेस म्हणजे काम नव्हे, हा थेंबभर घेतला तरी ओंजळभर साबणाचं काम करतो. त्याने दुसऱ्यांदा हलवली आणि बाटली परत केली. त्याच्या पायाशी गटारातून लाल-निळा फेस वाहत खाडीकडे चालला होता. परत येताना रिक्षात मी त्याला शिव्या घातल्या. अडाणी माणूस, बाटली हलवून शास्त्र करतो. तू म्हणालास, अगं, त्याची ती परीक्षा आहे, आपली रिंगची आहे. तुझा हा समंजसपणाही मला त्या दिवशी सहन झाला नाही.

आपली परीक्षा म्हणजे रिंग. मुंबईतली एक गिरणी बंद पडली, तिच्या लॅबचं सामान भिवंडीच्या भंगारात आलं आणि त्यातून तू ताण मोजायचं ते यंत्र उचलून आणलंस. प्लॅटिनमची बारीक रिंग पाण्याला टेकवायची आणि हळूहळू वर ओढायची. पाणी ज्या क्षणी तिला सोडतं, तो त्याचा ताण. पण आजूबाजूला यंत्रमाग खडखडत असले की टेबल थरथरायचं आणि रिंग आधीच सुटायची. म्हणून शुक्रवार. लूम बंद असतात, सगळं गाव कानातला कापूस काढल्यासारखं गप्प होतं. पदार्थ तू करायचास, मोजायचे मी. तसे आपण कितीतरी शुक्रवार काढले, आणि आयुष्यातला तेवढा भाग मला अजिबात किळसवाणा वाटलेला नाही.

आलेख सरळ हवा होता. पाण्यात पदार्थ वाढवत जावा तसा ताण उतरत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. तिथून पुढे रेणू पृष्ठभागावर गर्दी करायचं सोडून पाण्यात आपापसांत पुंजके करतात. म्हणजे उतरती रेघ, मग आडवी रेघ. आपली रेघ मात्र वळणावर खाली बुडायची, पुन्हा थोडी वर यायची आणि मग आडवी व्हायची. हसणाऱ्या गालावर पडते तशी खळी. दिसायला सुंदर आणि अर्थाने घाण. तिचा अर्थ एवढाच की पाण्यात भलतंच काहीतरी आहे, ते पृष्ठभागावर बसून ताण जास्तच उतरवतं, आणि पुंजके झाले की त्यांच्या पोटात शिरून नाहीसं होतं. खळी आहे तोवर जगातलं कुठलंही जर्नल आपल्या जावळ्यांना विचारणार नव्हतं, आणि विचारू नये असंच आपलं दोघांचंही मत होतं.

भांडण त्या भलत्यावर होतं. तू म्हणायचास, माझा पदार्थ अशुद्ध आहे. पुन्हा विरघळवतो, पुन्हा स्फटिक करतो, पुन्हा धुतो. मी म्हणायचे, पदार्थ आता आरशासारखा आहे, पाणी तपास.

कारण पाणी दादाचं होतं. कॉलेजची भट्टी बंद, आणि तुझा दादा टेमघरच्या सायझिंगमध्ये बॉयलरवर. सुताला खळ लावून तापलेल्या सिलिंडरवर वाळवतात, त्या सिलिंडरमधली वाफ गार होऊन जे पाणी टपकतं, ते त्याने पांढऱ्या कॅनमध्ये धरायचं आणि दर गुरुवारी संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचं. कॅनच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. नाक्यावरच्या चहावाल्याला तो सांगायचा, आमच्या पान्यावर कॉलेज चालतंय. वाफेचं पाणी म्हणजे डिस्टिल्डच की, असं तुझं म्हणणं. पाइपातलं तेल, गंज, बॉयलरमध्ये टाकतात ती औषधं, मी यादी वाचायचे. नुसत्या पाण्याचं रीडिंगही थोडं कमीच यायचं. तू म्हणायचास, रिंग जुनी आहे.

एकदा मी मुंबईच्या ओळखीच्या लॅबमधून काचेत दोनदा गाळलेलं पाणी आणलं. बाटली टेबलावर ठेवली आणि चहा सांगायला गेले. परत आले तर बाटली बेसिनमध्ये उलटी आणि तू खिडकीकडे तोंड करून उभा. म्हणालास, "पाण्याला नाव ठेवू नको, विशाखा. माझ्या हाताला ठेव." त्या महिन्यात मी तुझ्याशी रीडिंगपलीकडे बोलले नाही. घरी आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, म्हणजे आता आपण त्यांच्या पाण्याला अशुद्ध म्हणायचं? हे बघायला तुझी आजी पाहिजे होती. मलाही हसू आलं, पण राग गेला नाही. तुला वाटलं असेल का, की मी ते त्या अर्थाने बोलते? विचारायचं राहून गेलं. आपण जातीवर कधी बोललो नाही, पाण्यावर इतकं बोललो तरी.

आणि मग तो तुझा विनोद. त्या भांडणानंतर बऱ्याच शुक्रवारांनी, पुन्हा एकदा खळी उमटल्यावर, तू आलेखाचा कागद हातात घेऊन म्हणालास, "खळीच्या पाण्यात खळीच पडणार." मी खो-खो हसले. खळ लावणाऱ्या कारखान्याचं पाणी, आणि गालावरची खळी. चांगली कोटी होती. तू हसला नाहीस, हे मला त्या वेळी खटकायला हवं होतं.

तर शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सरांनी रेघ काढण्याआधी आपण मोजून टाकावं म्हणून मी खोलीत गेले आणि तुझा पदार्थ काढायला तुझं कपाट उघडलं. मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात फोडलेल्या काचेच्या कुप्या, आणि खाली दोन न उघडलेली खोकी. इंजेक्शनमध्ये मिसळायचं पाणी. औषधाच्या दुकानात मिळतं ते, काचेत सीलबंद.

मी फोडलेल्या कुप्या मोजल्या. एका अख्ख्या आलेखाला पुरतील इतक्या होत्या. तू त्या पाण्यात मोजलं होतंस, जनार्दन. माझ्या माघारी, माझ्या यंत्रावर. खळी गेलेली तू डोळ्यांनी बघितलीस, सगळ्या कुप्या डब्यात भरल्यास आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा दादाचं पाणी माझ्यासमोर ठेवलंस. मी घासत बसले, तू धूत बसलास, आणि तुला ठाऊक होतं. मला आजवर घाणीची किळस आली, वासाची आली, सरांच्या चटणीच्या बोटांची आली. तुझी पहिल्यांदाच आली. भावाचं मन मोडायचं नाही म्हणून स्वतःच्या हाताला अशुद्ध म्हणवून घेणारा माणूस मोठा असेल. पण त्या मोठेपणात तू माझे शुक्रवार ओतलेस. मला विचारलं होतंस?

तरीही मी मोजलं. खोकी पुरली नाहीत, म्हणून दुकानात जाऊन आणखी आणली. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, मॅडम, घरात कोण शिरियस आहे का? मी म्हटलं, आहे. रिंग जाळावर लाल केली, एकेक द्रावण केलं, एकेक ठिपका मांडला. रेघ उतरत आली, वळली आणि आडवी झाली. खळी नाही. नुसत्या एकशेपटीला जिथं पोचायला मूठभर लागतं, तिथं तुझी लंगडी जावळी चिमटीत पोचली होती. दोन्ही शेपट्या सारख्या असलेल्यांपेक्षा वेगळी, आपल्याच ठिकाणी वळलेली. तुझा हात आरशासारखा होता, मी म्हणत होते तसा. मला रडू आलं आणि रागही, दोन्ही एकदमच.

पुढची घाण ऐक. सरांनी तोवर शिसपेन्सिलीने आपली रेघ काढून ठेवली होती. मी माझा आलेख त्यावर धरला. एकावर एक. केसाचाही फरक नाही. म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? त्यांची लबाडी खरी निघाली होती, आणि यापेक्षा ओंगळ गोष्ट मी लॅबमध्ये पाहिलेली नाही. मी त्यांना सांगितलं की माझ्या रेघेखाली ठिपके आहेत, तुमच्या रेघेखाली समोसा आहे. पेपर तुझ्या नावाने जाईल, मागून माझं. सरांचं नाव खोलीची किल्ली दिल्याबद्दल आभारात. आणि कुठल्या पाण्यात खळी पडली, कुठल्या पाण्यात गेली, तेही त्यात स्पष्ट लिहिणार. दादाला इंग्रजी येत नाही. तुझी भीती होती ती तेवढ्यापुरती तरी टळली, असं मी मनाशी म्हटलं, आणि त्याचीही मला जरा लाजच वाटली.

काल गुरुवार. संध्याकाळी मी खोलीत लिहीत बसले होते. दारात सायकल लागल्याचा आवाज आला आणि दादा आत आला. हातात कॅन. फडकं बांधलेलं, नेहमीसारखं. तो आता माझ्याकडे बघत नव्हता, तुझ्या स्टुलाकडे बघत होता.

म्हणाला, "त्याचं काम ऱ्हायलंय बोलतात. मंग पानी लागंल ना, बाय."

मी त्याला बसवलं. चहा सांगितला. तो कॅन जमिनीवर टेकवेना, मांडीवर धरून बसला. तू लहानपणी कसा बॉयलरच्या उबेला बसून अभ्यास करायचास ते सांगितलं. मग सारखं मनात घोळत असावं तसं विचारलं.

"बाय, एक इचारू? माझ्या पान्यात काय वाईट व्हतं का? तो एकदाच मला बोलला, दादा, पानी जरा साफ आन. मंग कदी न्हाय बोलला. मी इचारलं की हसायचा."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. तू मला ओळखतोस, ठिपका जिथं पडला तिथंच मांडणारी बाई मी. पण तोच पुढे बोलला, स्वतःची बाजू मांडावी तसा.

"मी तवापासना कॅन लय साफ ठेवला. आधी एकदा साबन लावायचो, मंग तीन-तीन डाव लावला. पिवळ्या साबनानं. आतून हात घालून."

जनार्दन, साबण. तुला समजतंय ना, तू जिथं असशील तिथं? मी उठले, कॅनमधलं थोडं पाणी बुचाच्या नळीत घेतलं, त्या शेठने हलवली तशी गदगदा हलवली आणि खिडकीशी धरली. काचेच्या कडेला बुडबुड्यांचं बारीक कडं राहिलं होतं. फुटत नव्हतं. ज्या अडाणी परीक्षेला मी रिक्षात शिव्या घातल्या, ती आपण इतक्या वर्षांत एकदा, एकदाच केली असती तर. तुझ्या जावळ्यांच्या डोक्यांवर धन भार, साबणाच्या डोक्यावर ऋण. थेंबभर साबण गेला तरी दोघं घट्ट मिठी मारून वर तरंगणार. खळी त्यांची. वाफेचं पाणी नव्हतं रे वाईट. साबणावर संशोधन करणारे आपण दोघं एम.एस्सी., आणि आपल्याला कॅनला लावलेला साबण दिसला नाही. तू दादाला लाजेपायी निम्मंच बोललास, पुढचं बोलला नाहीस, आणि त्या निम्म्या बोलण्याने तो आणखी घासत बसला. मी पाण्याला नावं ठेवत बसले, तू स्वतःच्या हाताला. सगळे साफच करत होतो.

मला स्वतःचीच शिसारी आली, आपल्या दोघांची मिळून. आणि त्याच वेळी, आठवड्यात पहिल्यांदा, तुझ्यावरचा राग कुठे ठेवावा ते कळेना. तू ज्याला झाकत होतास ते झाकायची गरजच नव्हती.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. नळी माझ्या हातात होती. तीन-तीन डाव, आतून हात घालून, असं नुकतंच सांगितलेल्या माणसाला आता काय सांगायचं? तुझं निम्मं बोलणं मला त्या क्षणी समजलं. पटलं नाही, समजलं.

मी म्हटलं, "पाणी चांगलं होतं, दादा. पहिल्यापासून."

हे खरं होतं. ठिपका जिथं होता तिथंच मी मांडला.

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग डोळे फडक्यानेच पुसले, कॅनच्या तोंडावरचं फडकं होतं त्यानेच, आणि म्हणाला की मग दर गुरुवारी आणतो. मी म्हटलं, आणा, पण एक करा. हा कॅन इथंच राहू दे. रिकामा झाला की मीच धुऊन ठेवत जाईन, तुम्ही धुतलेला दुसरा आणू नका, येऊन हाच न्यायचा, पाणी भरायचं, आणायचं. एवढं काम आता माझ्याकडे.

त्याला ते आवडलं नसावं. कॅन त्याने उचलून माझ्याकडे दिला तेव्हा हात पटकन सुटत नव्हता. जड होता. मी दोन्ही हातांनी घेतला.

दारापर्यंत जाऊन तो परत वळला.

"साबन हाय ना हितं?"

मी तुझ्या कपाटाकडे बघितलं, बाटल्यांकडे, त्या कुजक्या सुकटीच्या वासाकडे.

म्हटलं, "भरपूर."